देहदान

देहदान : मृत्यूनंतर आपला संपूर्ण देह वैद्यकीय शिक्षण व संशोधनासाठी देणे. हा देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे सुपूर्द केला जातो. संकल्प व्यक्ती हयातीत करते. तो तडीस नेणे मात्र सर्वस्वी नातेवाइकांच्या हाती असते.

अवयवदानाशी फरक : बोलण्यात देहदान आणि अवयवदान यांची गल्लत होते, पण दोहोंचे कायदे, मृत्यूची परिस्थिती आणि उपयोग वेगळे आहेत. हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांचे मरणोत्तर दान मुख्यतः मेंदूस्तंभ मृत झालेल्या, पण व्हेंटिलेटरच्या आधाराने रक्ताभिसरण चालू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत शक्य होते. 1994 च्या मानवी अवयव प्रतिरोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून असा मृत्यू घोषित करावा लागतो. घरी नैसर्गिक मृत्यू आल्यास हे अवयव देता येत नाहीत. अशा वेळी नेत्रदान, त्वचादान आणि देहदान हे पर्याय उरतात. नेत्रदान साधारणतः सहा तासांच्या आत करायचे असते आणि त्यानंतर देहदानही करता येते. हृदय, यकृत आदी अवयव काढून घेतलेला देह मात्र सहसा स्वीकारला जात नाही.

इतिहास : मृत शरीर उलगडून पाहिल्याशिवाय शारीरज्ञान पक्के होत नाही, हा विचार सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आढळतो. सर्व अवयव शाबूत असलेले, विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेले, अतिवृद्ध नसलेले शव निवडावे. ते मुंज, कुश, ताग इत्यादींनी गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावे. सात रात्रींनंतर वाळ्याच्या वा तत्सम कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतले थर पाहत जावे, अशी पद्धत तेथे सांगितली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये शवांच्या टंचाईमुळे थडग्यांतून प्रेते चोरण्याचा धंदाच सुरू झाला. 1828 मध्ये एडिंबरो येथे बर्क व हेअर या दुकलीने प्रेते विकण्यासाठी माणसे मारल्याचे उघड झाले. त्यानंतर 1832 मध्ये शरीररचनाशास्त्राचा कायदा झाला. त्याच वर्षी निधन पावलेले तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम यांचा देह त्यांच्या इच्छेनुसार विच्छेदनासाठी देण्यात आला. भारतात 1836 मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी रूढीचा विरोध पत्करून शवविच्छेदन केले. आधुनिक भारतातील वैद्यकीय शिक्षणाचा तो महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

मुंबई प्रांतात 1949 मध्ये मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियम संमत झाला. बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळावेत, हा त्याचा मूळ हेतू होता. म्हणजे पुढे ज्यांच्यावर विद्यार्थी शिकले, त्यांतील अनेकांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची संधीच मिळाली नव्हती. स्वेच्छेने केलेल्या देहदानाचे वेगळेपण येथेच आहे.

कार्यपद्धती : इच्छुक व्यक्ती महाविद्यालयाकडे किंवा या क्षेत्रातील संस्थेकडे साक्षीदारांच्या सह्यांसह संकल्पपत्र भरून देते. तिला मिळणारे ओळखपत्र जवळ बाळगायचे असते. संकल्पपत्र भरलेले नसले तरी वारसांना मृताचा देह देता येतो. उलट, संकल्पपत्र असूनही जवळच्या नातेवाइकाने हरकत घेतल्यास महाविद्यालय सहसा देह स्वीकारत नाही. मृत्यूनंतर विभागाला तातडीने कळवावे लागते; विलंब होणार असेल तर देह शीतगृहात ठेवावा लागतो. देहासोबत डॉक्टरांनी दिलेला मृत्यूच्या कारणाचा दाखला, मृताचे ओळखपत्र आणि नातेवाइकांचे संमतिपत्र द्यावे लागते.

एचआयव्ही, कावीळ ब व क यांसारखे संसर्ग, सेप्टिसीमिया, मोठ्या भाजलेल्या जखमा, खोल शय्याव्रण किंवा कुजण्यास झालेली सुरुवात या कारणांनी देह नाकारला जातो. अपघात, आत्महत्या वा खून अशा प्रकरणांत पोलीस पंचनामा व न्यायवैद्यकीय शवचिकित्सा आवश्यक असते. त्यानंतर तो देह अध्यापनासाठी उपयोगी राहत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी देहदानाचा संकल्प केला होता. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. शवचिकित्सा अटळ असल्याने देहदान होऊ शकले नाही आणि साताऱ्यात धार्मिक विधींविना त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

जतन व उपयोग : विभागात मांडीतील किंवा मानेतील धमनीवाटे फॉर्मॅलिन, ग्लिसरीन, फिनॉल इत्यादींचे मिश्रण देहात सोडले जाते. रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून ते सर्वत्र पोहोचते आणि देह दीर्घकाळ टिकतो. रक्तवाहिन्या कापल्या गेल्या असतील तर मिश्रण वाटेतच गळते. शवचिकित्सा किंवा अवयव काढल्यानंतर देह न स्वीकारण्याचे हे एक कारण आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी गट करून एका देहावर शिकतात. अनेक महाविद्यालयांत विच्छेदनापूर्वी देहाचा आदर राखण्याची शपथ दिली जाते. नव्या शस्त्रक्रियांच्या सरावासाठीही दान केलेले देह वापरतात. संगणकीय प्रतिकृती मदतीला आल्या असल्या तरी नसांच्या जागांमधील व्यक्तिगणिक फरक आणि ऊतींचा हाताला होणारा स्पर्श प्रत्यक्ष देहावरच कळतो.

सामाजिक बाजू : दधीची ऋषींनी देवांना आपल्या अस्थी दिल्याची कथा देहदानाच्या प्रचारात नेहमी सांगितली जाते. डोंबिवलीच्या दधीची देहदान मंडळाने तर हेच नाव घेतले आहे. विचारसरणीच्या भिंती या दानाला आड आलेल्या दिसत नाहीत. 2010 च्या जानेवारीत मार्क्सवादी नेते ज्योती बसू यांचा देह कोलकात्यात, तर फेब्रुवारीत मूळचे हिंगोली जिल्ह्यातील संघ कार्यकर्ते नानाजी देशमुख यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत देण्यात आला. अग्निसंस्काराविना गती मिळत नाही ही समजूत आणि अंत्यदर्शनासाठी दूरगावच्या नातलगांची वाट पाहणे, या दोन गोष्टी अनेकदा आड येतात. श्रद्धाळू कुटुंबे देह दिल्यानंतरही दहाव्या-तेराव्याचे विधी करू शकतात. दिलेला देह सहसा परत मिळत नाही. अभ्यास संपल्यावर अवशेषांची विल्हेवाट महाविद्यालय लावते आणि हाडे कधीकधी अध्यापनासाठी जपली जातात. या सर्व बाबी हयातीतच घरच्यांना सांगून त्यांची संमती मिळवावी, असा सल्ला कार्यकर्ते देतात. कारण निर्णयाची वेळ येते तेव्हा दाता बोलू शकत नाही आणि हाती उरतात फक्त काही तास.