मोझार्टच्या पियानोची साक्ष

५ डिसेंबर १७९१ रोजी मोझार्ट गेला. महिना उलटण्याच्या आत व्हिएन्नात त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची सरकारी मोजदाद झाली. कारकुनांनी कपडे, भांडी, फर्निचर, पुस्तकं अशी एकेका वस्तूची किंमत लावत नेली आणि जमेची बेरीज ५९२ गुल्डन ९ क्रॉयत्सर भरली. त्या यादीत पेडलसह फोर्टेपियानो (म्हणजे त्या काळचा पियानो) अशी एक नोंद आहे. तिच्यापुढे ८० गुल्डन लिहिले आहेत. बिलियर्डच्या टेबलाला ६० धरले होते. पियानो कुणी बनवला, केव्हाचा, कोणत्या स्थितीतला, याबद्दल यादी काही सांगत नाही. वारसाहक्काच्या कागदाला त्याची गरजही नसते.

त्यातला पियानो आज साल्झबुर्गमध्ये आहे, वाजवण्याजोगा आहे आणि त्याची ध्वनिमुद्रणंही निघालेली आहेत. मोझार्टचं संगीत मोझार्टच्याच पियानोवर ऐका, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. हे विधान कितपत खरं आहे, हे पाहायला चार प्रकारचे पुरावे हाताशी आहेत: घरच्यांची पत्रं, छापील जाहिरात, संगीताची हस्तलिखितं आणि खुद्द वाद्य. हे चौघे काही ठिकाणी एकमेकांना दुजोरा देतात आणि एका महत्त्वाच्या ठिकाणी देत नाहीत.

पहिलं पत्र व्हिएन्नाच्याही आधीचं आहे. ऑक्टोबर १७७७मध्ये एकवीस वर्षांचा मोझार्ट आउग्सबुर्गला योहान आंद्रेआस श्टाईन या कारागिराच्या कारखान्यात गेला आणि तिथून त्याने वडिलांना सविस्तर लिहिलं. त्याचं लक्ष कारागिराच्या डोळ्याने पाहावं तसं यंत्रावर आहे. श्टाईनच्या पियानोत हातोडी तारेवर आपटली की लगेच सुटून मागे पडते, मग पट्टी दाबून धरलेली असो वा नसो. ही सोय नसलेल्या वाद्यात सूर खडखडतो. बोट उचललं की आवाज तत्क्षणी थांबतो. तारांवर बसून नाद आवरणाऱ्या गाद्यांना डॅम्पर म्हणतात. त्या सगळ्या एकदम उचलायला श्टाईनने गुडघ्याने ढकलायचा दांडा दिला होता. तो जरा स्पर्श केला तरी काम करतो आणि गुडघा जरासा काढला की मागे नाद रेंगाळत नाही, हे मोझार्टला फार आवडलं. नादफलक उन्हापावसात ठेवून आधीच तडकू द्यायचा आणि मग तडे लाकडी चिपा घालून बुजवायचे, ही श्टाईनची युक्तीही त्याने नोंदवली. किंमत ३०० गुल्डनच्या खाली नाही, हेही लिहिलं. दोनेक वर्षांपूर्वी रचलेला आपला डी मेजर सोनाटा, के. २८४, या वाद्यावर अपूर्व लागतो, असा त्याचा अभिप्राय होता.

म्हणजे आवाज स्वच्छ तुटला पाहिजे, हातोडीने साथ सोडता कामा नये आणि नाद मोकळा सोडायचा तर हात पट्ट्यांवरून न उचलता सोडता आला पाहिजे, अशी त्याची अपेक्षा होती. शेवटची अपेक्षा पुढे लागणार आहे.

१७८१मध्ये तो व्हिएन्नात स्थायिक झाला. त्या वर्षीच्या नाताळाच्या आदल्या दिवशी सम्राट दुसऱ्या योझेफसमोर त्याची आणि मुझिओ क्लेमेंटीची जुगलबंदी झाली. मोझार्टच्या पत्रावरून दिसतं, की एकट्याने वाजवताना त्याला काउंटेस थुन यांचा पियानो मिळाला. दुसरं वाद्य बेसूर होतं आणि त्याच्या तीन पट्ट्या अडकत होत्या. साल्झबुर्गचा पियानो त्याच्याकडे यानंतर लवकरच आला असावा. हे वाद्य साधारण १७८२चं मानतात. त्यावर कारागिराची सही नाही. ते आंटोन वाल्टरचं आहे हे ठरतं ते त्याच्या बांधणीवरून आणि खूप पुढच्या एका पत्रावरून. वाल्टर १७५२मध्ये श्टुटगार्टजवळ जन्मला आणि व्हिएन्नात येऊन नावारूपाला आला.

वाद्याची मापं बोलकी आहेत. पाच सप्तकं, म्हणजे ६१ पट्ट्या. मुख्य पट्ट्या काळ्या, अर्धसुरांच्या पांढऱ्या. सांगाडा सगळा लाकडी, तारा बारीक, हातोड्या लहान आणि कातडं लावलेल्या. वजन सुमारे ८५ किलो. आजच्या मोठ्या मैफिली पियानोत ८८ पट्ट्या असतात, तारांचा ताण पेलायला आत ओतीव लोखंडाची चौकट असते आणि वजन ५०० किलोच्या आसपास जातं.

८५ किलो या आकड्याला एक समकालीन साक्षीदार आहे. फेब्रुवारी १७८५मध्ये लिओपोल्ड मोझार्ट मुलाकडे राहायला आले. १२ मार्चला त्यांनी मुलगी नानर्ल हिला लिहिलं, की आपण आल्यापासून तिच्या भावाचा फोर्टेपियानो घरातून नाट्यगृहात किंवा दुसऱ्या कुणाच्या घरी निदान बारा वेळा तरी नेला गेला. एका महिन्यात बारा वेळा, तेही जिन्यावरून आणि हिवाळ्यातल्या रस्त्यांवरून. लोखंडी चौकटीच्या वाद्याबाबत असं वाक्य कुणी सहज लिहिलं नसतं. इथे वाद्य आणि पत्र एकमेकांना नीट जुळतात.

त्याच पत्रात लिओपोल्ड म्हणतात, की मुलाने एक मोठं फोर्टेपियानो-पेडल बनवून घेतलं आहे. ते पियानोच्या खाली बसतं, त्याच्यापेक्षा दोनेक फूट लांब आहे आणि भलतंच जड आहे. आजच्या पियानोच्या पायाखालचं पेडल ते हे नव्हे. ऑर्गनला असतो तसा, पायांनी वाजवायच्या खर्जातल्या पट्ट्यांचा हा स्वतंत्र संच होता. दर शुक्रवारी मेलग्रूबे या सभागृहातल्या मैफलीसाठी तो नेला जाई. १० मार्चच्या बुर्गथिएटरमधल्या मैफलीच्या छापील पत्रकातही त्याचा उल्लेख आहे: उत्स्फूर्त वादनात मोझार्ट हे खास मोठं पेडल वापरणार. सहा वर्षांनंतरच्या मालमत्तेच्या यादीतलं पेडल ते हेच. पुढे ते हरवलं.

वस्तू गेली, तरी तिचा माग एका हस्तलिखितात राहिला आहे. डी मायनर कॉन्चेर्टो, के. ४६६, मोझार्टने आपल्या रचनांच्या वहीत १० फेब्रुवारी १७८५ या तारखेला चढवला आणि दुसऱ्याच दिवशी मेलग्रूबेत वाजवला. त्याच दिवशी पोचलेल्या लिओपोल्ड यांनी नमूद केलं, की ते आले तेव्हा नक्कलनवीस अजून लिहीतच होता आणि शेवटचा भाग एकदा वाजवून पाहायलाही मोझार्टला सवड झाली नव्हती. या कॉन्चेर्टोच्या हस्तलिखितात, पहिल्या भागात, पियानोचा एकल प्रवेश झाल्यावर थोड्याच वेळात डाव्या हाताच्या स्वरांखाली आणखी खर्जाचे स्वर लिहिलेले आहेत. एका हाताने ते सगळे एकदम धरता येत नाहीत. पाय मदतीला असतील तर अडचण उरत नाही. छापील आवृत्त्यांतून हे स्वर पुष्कळदा वगळले गेले. पत्र, पत्रक, हस्तलिखित आणि यादी या चार स्वतंत्र कागदांनी सिद्ध होणारी गोष्ट आज मैफलीत क्वचितच कानावर पडते. मोझार्टच्या पियानोवर वाजवलेल्या ध्वनिमुद्रणातही त्या फेब्रुवारीत ऐकू आलेल्या खर्जाचा एक थर कमीच असतो.

आता न जुळणाऱ्या साक्षीकडे. साल्झबुर्गच्या पियानोला डॅम्पर उचलायच्या दोन सोयी आहेत. एक हाताने सरकवायच्या खुंट्यांची आणि दुसरी गुडघ्याच्या दांड्यांची. एकाच कामासाठी दोन यंत्रणा का असाव्यात? वाद्यांचे अभ्यासक मायकेल लॅचम यांनी १९९७मध्ये ‘अर्ली म्युझिक’ या नियतकालिकात सविस्तर मांडलं, की हाताचे खुंटे मूळचे असावेत आणि गुडघ्याचे दांडे नंतरचे. आज आत असलेली हातोड्यांची यंत्रणाही मोझार्टच्या मृत्यूनंतर बसवलेली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. एफा बादुरा-स्कोडा यांनी त्याच नियतकालिकात २०००मध्ये त्याला विरोध केला. वाद मिटलेला नाही.

त्याचा परिणाम मात्र थेट कानावर होतो. डॅम्पर हाताच्या खुंट्याने उचलायचे तर वाजवणाऱ्याचा एक हात क्षणभर मोकळा हवा. म्हणजे नाद मोकळा सोडणं हा प्रत्येक मात्रेला करायचा उपाय राहत नाही. एखाद्या संपूर्ण भागासाठी निवडायचा तो रंग होतो. गुडघ्याचा दांडा असेल तर हात वाजवत असतानाच नाद सोडता-आवरता येतो. के. ४६७ या सी मेजर कॉन्चेर्टोचा मधला संथ भाग या दोन वाद्यांवर दोन तऱ्हांनी उलगडेल. आणि १७७७मध्ये गुडघ्याच्या दांड्याची एवढी तारीफ करणाऱ्या माणसाने पुढे त्याशिवायचा पियानो पत्करला, असं मानणं जड जातं. पण आवडीचं पत्र म्हणजे खरेदीची पावती नव्हे. वाद्याच्या लाकडावरच्या खुणा त्या पत्राहून वेगळं सांगत असतील, तर लाकूड अधिक जवळचा साक्षीदार ठरतं.

या पेचात सगळ्यात मोलाचा कागद मोझार्टची पत्नी कॉन्स्टान्झ हिचा. जानेवारी १८१०मध्ये तिने मिलानला राहणारा थोरला मुलगा कार्ल थोमास याला वडिलांचा पियानो पाठवण्याविषयी लिहिलं. पियानो पूर्वीइतकाच, किंबहुना पूर्वीपेक्षा चांगला आहे, असं ती सांगते. कारणं दोन: तिने तो जपला आणि ज्याने तो बनवला त्या वाल्टरने कृपा करून त्याला नवं कातडं लावून दिलं, त्याची डागडुजी केली. वाल्टरचं नाव या वाद्याशी जोडणारा लेखी पुरावा तो हाच. आणि वाद्यात फेरफार झाल्याचा पुरावाही हाच.

हातोडीचं कातडं ही किरकोळ बाब नाही. मिरजेच्या कारागिराकडून जवारी काढून आणलेली सतार तीच असते, तरी तिचा आवाज तोच राहिला असं कुठलाही सतारिया म्हणणार नाही. शिवाय वाल्टर त्या काळात थांबलेला नव्हता. नोव्हेंबर १८०२मध्ये बेथोव्हेनने त्याच्याकडून पियानो घ्यायच्या बोलण्यात महोगनीची पेटी आणि हातोडी एकाच तारेवर आणणारी सोय मागितली होती. वीस वर्षांत त्याच्या गिऱ्हाइकांच्या मागण्या बदलल्या होत्या आणि वाद्यंही. अशा कारागिराकडे आपलं जुनं वाद्य दुरुस्तीला आलं तर तो ते जुन्यासारखं करील की आजच्यासारखं? कॉन्स्टान्झचा पूर्वीपेक्षा चांगला हा शेरा दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो. मुलाला खूश करण्यासाठी लिहिलेलं हे वाक्य इतिहासकाराची झोप उडवणारं आहे.

कार्लने १८५६मध्ये, वडिलांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, पियानो साल्झबुर्गच्या मोझार्टेउम या संस्थेला दिला. २०१२मध्ये तो थोड्या दिवसांसाठी व्हिएन्नाला, डोमगासेवरच्या त्याच घरी नेण्यात आला, जिथून लिओपोल्ड यांच्या डोळ्यांदेखत तो बारा वेळा बाहेर पडला होता.

मोझार्टकाळचा पियानो असं सरसकट बोलण्याआधी हायडनचं म्हणणंही ऐकायला हवं. १७८८च्या ऑक्टोबरात त्याने प्रकाशक आर्तारियाकडे ३१ डुकाट मागितले, कारण त्यांच्यासाठी लिहायच्या रचना नीट साधाव्यात म्हणून त्याने नवा फोर्टेपियानो घेतला होता. तो वेन्झेल शान्झचा. १७९०मध्ये मारियाने फॉन गेन्झिंगर या स्नेही बाईंना पियानो घ्यायचा होता, तेव्हा त्याने शान्झचीच शिफारस केली. वाल्टर नावाजलेला खरा, पण त्याच्या दहांतला एखादाच पियानो खरोखर चांगला निघतो आणि किंमतही फार, असं त्याचं मत. शान्झची पट्टी हलकी चालते, हे त्याला महत्त्वाचं वाटलं. एका शहरात, एकाच दशकात, दोन श्रेष्ठ रचनाकारांची पसंती दोन वेगळ्या हातांना होती. हायडनचे सोनाटे वाल्टरच्या प्रतिकृतीवर वाजवले म्हणजे ते आपोआप अस्सल होत नाहीत.

प्रतिकृतींचंही वय पाहायला हवं. आज मोझार्टसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक प्रतिकृती वाल्टरच्या १७९०च्या दशकातल्या किंवा १८०५च्या सुमाराच्या वाद्यांवरून केलेल्या आहेत. मोझार्ट १७९१मध्ये गेला. माल्कम बिल्सन यांनी १९८०च्या दशकात जॉन एलियट गार्डिनर यांच्या वाद्यवृंदाबरोबर कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले तेव्हा फिलिप बेल्ट यांनी मोझार्टच्याच वाद्यावरून केलेली प्रतिकृती वापरली. तीही मूळ वाद्याच्या विसाव्या शतकातल्या स्थितीवरूनच करावी लागली.

मग हाती काय लागतं? पाच सप्तकांची मर्यादा पक्की आहे. मोझार्टचं पियानोसंगीत जवळजवळ सगळं तिच्यात बसतं. हलका लाकडी सांगाडा आणि बारीक तारा पक्क्या आहेत. म्हणून सूर चटकन उमटतो, चटकन विरतो आणि खर्जातल्या दाट स्वरावलीतही प्रत्येक सूर वेगळा कळतो. के. ४६७च्या संथ भागात व्हायोलिनांना आवाज दबवण्याची चिमटी लावलेली असते आणि खालच्या स्वरांची तंतुवाद्यं बोटांनी छेडली जातात. तिथे हा पियानो वाद्यवृंदावर स्वार होत नाही, त्याच्यात मिसळतो. हे कारागिराच्या एका दुरुस्तीने बदलणारं नाही. पायाखालचा खर्ज कागदांनी सिद्ध आहे, पण वाद्यासकट गेलेला आहे. हातोडीची मऊ-कडक चव आणि डॅम्पर उचलायची रीत यांबाबत आजचा पियानो १७८५बद्दल बोलतो, की कॉन्स्टान्झने मिलानला पाठवला त्या वेळेबद्दल, हे वाद्याच्या लाकडातून ठरायचं आहे.

म्हणून ऐतिहासिक वाद्यावरच्या ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर कारागिराचं नाव आणि साल छापलेलं पुरत नाही. दुरुस्ती केव्हा झाली, यंत्रणा कोणत्या काळची, कातडं कोणी बदललं, हेही छापायला हवं. मालमत्तेच्या यादीतल्या कारकुनाला ते विचारायचं कारण नव्हतं. ऐकणाऱ्याला आहे.