कॅनबेरा : एका बॉम्बफेकी विमानाचं कूळ

गोवामुक्तीच्या आठवणी निघाल्या की सत्याग्रही आठवतात, तेरेखोलचा किल्ला आठवतो, आझाद गोमंतक दल आठवतं. विमानांचा विषय क्वचितच निघतो. वास्तविक १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा बॉम्बफेकी विमानं गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर गेली आणि काही मिनिटांत त्यांनी ६३,००० पौंडांचे, म्हणजे जवळपास साडेअठ्ठावीस टनांचे बॉम्ब तिथल्या धावपट्टीवर टाकले. त्या विमानांचं नाव कॅनबेरा. पुणेकरांना तर ते जवळचं वाटायला हवं. शहराच्या ईशान्येला लोहगावचा हवाई तळ. गोव्याच्या मोहिमेसाठी वायुदलाची जमवाजमव झाली ती पुणे आणि बेळगावजवळचं सांबरा या दोन तळांवर.

हे नाव आलं ऑस्ट्रेलियाच्या राजधानीवरून. विमान मात्र पक्कं इंग्रज. ते बनवणारी इंग्लिश इलेक्ट्रिक ही मुळात विजेची यंत्रं आणि रेल्वे इंजिनं करणारी कंपनी. मध्य रेल्वेची डब्ल्यूसीएम-१ जातीची विजेची इंजिनं तिचीच. दुसऱ्या महायुद्धात तिने प्रेस्टनच्या कारखान्यात दुसऱ्या कंपन्यांची हॅम्पडेन आणि हॅलिफॅक्स ही बॉम्बफेकी विमानं बांधून दिली. त्यातून हात तयार झाला. १९४४ मध्ये वेस्टलँड कंपनी सोडून डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर हा अभिकल्पक तिथे आला आणि कंपनीने स्वतःचं जेट विमान आखायला घेतलं.

पेटरपुढे मॉस्किटोचा आदर्श होता. लाकडी बांध्याचं ते विमान बचावाच्या बंदुकांचं ओझं वाहत नसे. वेग आणि उंचीच्या जोरावर निसटत असे. पेटरने तेच तत्त्व जेटला लावलं : दोन रोल्स-रॉइस एव्हॉन इंजिनं, विरळ हवेतही तोलून धरणारे रुंद पंख, आणि पाठलाग करणाऱ्यांना गाठता येणार नाही अशी उंची. १३ मे १९४९ रोजी, शुक्रवारी, रोलंड बीमंटने ते पहिल्यांदा उडवलं. तेव्हा त्याला धड नावही नव्हतं.

ब्रिटिश वायुदलात बॉम्बफेकी विमानांना गावांची, शहरांची नावं देण्याची रीत होती. लँकेस्टर, लिंकन, स्टर्लिंग ही त्यातलीच. नव्या जेटसाठी मात्र ब्रिटनमधलं गाव निवडलं गेलं नाही. परदेशांपैकी पहिलं गिऱ्हाईक ऑस्ट्रेलिया होतं, म्हणून त्याच्या राजधानीचं नाव ठरलं. १९ जानेवारी १९५१ रोजी बिगिन हिलच्या तळावर ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस यांच्या हस्ते बारसं झालं. नाव व्यापारातून आलेलं खरं, पण ते शोभलं; विमान आणि शहर दोन्ही नवीच. कॅनबेरा शहराचं नामकरणही १९१३ सालचं.

भारताने १९५७ मध्ये ही विमानं घेतली. त्यातला मुख्य प्रकार बी(आय)-५८. वैमानिक डाव्या अंगाला काचेच्या घुमटाखाली, दिशादर्शक पुढे नाकाच्या पोकळीत, आणि पोटाखाली बसवता येणाऱ्या चार तोफा. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेसाठी सहा विमानं काँगोला गेली आणि त्याच वर्षअखेरी गोवा आलं.

दाबोळीच्या हल्ल्यात बॉम्बच्या वजनापेक्षा मोलाचा होता तो आदेश : धावपट्टी फोडायची, पण विमानतळाची इमारत आणि इतर सोयी शाबूत ठेवायच्या. मुक्त झालेल्या गोव्याला त्या लागणार होत्या. आठ कॅनबेरांची दुसरी तुकडी विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्याबरोबर गेली, तिनेही तेवढंच केलं. तळावर उभ्या असलेल्या दोन प्रवासी विमानांना धक्का लावला नाही. रात्री पोर्तुगिजांनी खड्डे घाईघाईने बुजवले आणि ती दोन्ही विमानं अंधारातच कराचीकडे उडाली. निसटलेल्या विमानांमुळे मोहिमेला उणेपणा येत नाही. आपल्याच माणसांच्या भूमीवर बॉम्ब टाकताना कुठे थांबायचं, हे आखणाऱ्यांनी आधी ठरवलं होतं, आणि गोवामुक्तीच्या इतिहासात त्याला जागा मिळायला हवी.

पुढे या कुळाची एक शाखा समोरच्या बाजूलाही दिसली. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने परवान्यावर बांधलेली बी-५७ कॅनबेरा पाकिस्तानकडे होती. १९६५ च्या युद्धात दोन्हीकडून एकाच रक्ताची विमानं रात्री एकमेकांच्या तळांवर बॉम्ब टाकत होती. भारतात पुढे त्यांचं काम मुख्यतः छायाचित्रणाचं राहिलं. मे १९९९ मध्ये कारगिलवर टेहळणी करणाऱ्या कॅनबेराच्या इंजिनाला क्षेपणास्त्र लागलं, तरी ती परत आली. ब्रिटनने शेवटच्या कॅनबेरा २००६ मध्ये थांबवल्या, भारताने ११ मे २००७ रोजी आग्र्याला. बी-५७ चा रुंद पंखांचा एक प्रकार अमेरिकेची नासा अति उंचीवरच्या संशोधनासाठी त्यानंतरही वापरत राहिली.