जकातनाका उठल्यावर

वेशीवरच्या नाक्यापाशीं मालाची गाडी थांबे, कारकून पोतीं मोजी, पैसे घेई आणि पावती फाडी. व्यापाऱ्यास ही अडवणूक नकोशी वाटे, आणि तें साहजिकच होतें. परंतु गांवचे दिवे लागत आणि गटारें साफ होत, तीं पुष्कळ अंशीं याच पावत्यांच्या पैशांवर.

१८५० च्या कायद्यानें शहरांना असा अप्रत्यक्ष कर बसविण्याची मुभा मिळाली. दोनच वर्षांनीं, १८५२ सालीं, पनवेलची नगरपालिका स्थापन झाली. घाटावरचा माल पनवेलच्या खाडीवाटे मुंबईस जात असे. व्यापार हाच या गांवाच्या भरभराटीचा पाया होता.

पुढें १९९९ सालीं राज्य सरकारनें नगरपालिकांची जकात बंद करून तिच्या जागीं अनुदान देऊं केलें. महानगरपालिकांत २०१० पासून क्रमाक्रमानें स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांस त्यांतूनहि सूट मिळाली. १ जुलै २०१७ रोजीं वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकातहि इतिहासजमा झाली. त्याच महिन्यांत मुंबई महानगरपालिकेच्या हातीं भरपाईचा पहिला धनादेश पडला, सुमारें ६४७ कोटींचा. महानगरपालिकांसाठीं २०१६-१७ चें उत्पन्न पाया धरून त्यांत दरसाल आठ टक्के वाढ द्यावी, असें कायद्यानें ठरलें.

नाक्यावरच्या मालमोटारींच्या रांगा संपल्या, हा लाभ खराच. परंतु पूर्वीं बाजार वाढला कीं शहराची तिजोरी आपोआप वाढे. आतां ती ठरलेल्या हिशेबानें आणि वरून येणाऱ्या हप्त्यानें भरते. हप्ता लांबला म्हणून झाडूवाल्याचा पगार किंवा पाण्याच्या पंपाचें वीजबिल थांबत नाहीं.

पनवेलच्या शेजारचें सुकापूर पाहावें. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हां २९ गांवें तींत आलीं. सुकापूर बाहेर राहिलें. इमारती उठल्या, दुकानें थाटलीं, वस्ती दाटली. ग्रामपंचायतीचें स्वतःचें म्हणावें असें उत्पन्न मुख्यतः घर-दुकानांवरील पट्टी आणि पाणीपट्टी. उद्यां व्यापाराच्या सोयीसाठीं दुकानांची पट्टीहि माफ करा, असें कोणी म्हटलें, तर दुकानदारास चार पैसे वांचतील. पण त्याच्या दारापुढील कचरा कोणी व कशाच्या बळावर उचलावा? त्या पैशाची दुसरी तजवीज आधीं झाली नाहीं, तर माफीचा भार शेजारच्या घरांवरच पडेल.