फुकटाचे की दानाचे?



१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही, मग चालती वस्तू भंगारात द्यायची का? अपरिग्रह मानणाऱ्या घरात हा प्रश्न लहान नाही. आमच्या एकाच लॅपटॉपवर यांचे हिशेब, नातीचा अभ्यास आणि माझी प्रवचने असतात. मुलगा म्हणाला, "लिनक्स टाकू, फुकट आहे." फुकट म्हटले की बी.कॉम. झालेल्या बाईला पहिली शंका येते, यांचे भागते कसे? म्हणून त्याचा इतिहास वाचला.

१९८३मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्राम सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता यावा, हा त्यांचा आग्रह. १९९१मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी त्याला स्टॉलमन यांचाच परवाना लावला. त्या परवान्याची अट अशी, की सुधारून पुढे वाटाल तर मूळ लिखाणही त्याच मोकळ्या अटींवर द्यायचे.

हे वाचताना मला दानचिंतामणी अत्तिमब्बे आठवली. दहाव्या शतकात तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या. धान्य दिले की कोठारात तेवढे कमी होते. ज्ञान दिले तर देणाऱ्याकडेही तेवढेच राहते. लिनक्सवाल्यांनी हे पुण्यासाठी केले असे मी म्हणत नाही. अनेक कंपन्या पगारी माणसे ठेवून त्यावर काम करतात, काही प्रकल्प देणग्यांवर चालतात. माझ्या शंकेचे उत्तर तिथे मिळाले.

या गाभ्याभोवती वेगवेगळे संच तयार झाले. १९९३मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन सुरू केले. त्यावर २००४मध्ये मार्क शटलवर्थ यांचे उबुंटू आले. ते लोक सुरुवातीला जगभर टपालाने फुकट सीडी पाठवत. उबुंटूवर २००६मध्ये क्लेमां लफेव्र यांनी मिंट उभे केले. आजीच्या पिठल्याला सुनेने आपली फोडणी द्यावी, तसे हे चालत आले आहे.

आम्ही मिंट निवडले. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे विंडोजची सवय असलेला हात अडखळत नाही. रॅम ४ जीबीच आहे, म्हणून त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचे, ही रीत लिनक्सने जुन्या युनिक्सकडून घेतली आहे. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला वेगळे खाते आणि वेगळा पासवर्ड. नातीच्या खेळात यांच्या फाइली हरवायची भीती नाही.

तुम्ही करणार असाल तर आधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग पेनड्राइव्हवरून मिंट नुसते चालवून पाहा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. तोपर्यंत जुन्या विंडोजला धक्का लागत नाही. एक्सेलच्या साध्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. मात्र दुकानाचा हिशेब टॅलीत असेल तर थांबा. ते विंडोजसाठी बनलेले आहे, त्याची सोय लावल्याशिवाय बदल करू नका.

आणि जमले, तर शेजारणीलाही बसवून द्या. आपले काही कमी होत नाही.

जय जिनेंद्र.