एमटीबीनंतर पहिली रोड बाइक घेताय? साइज, गिअर, ब्रेक आणि टायर आधी समजून घ्या

सहा वर्षं मी एकच एमटीबी चालवली. कॉलेजात घेतलेली हार्डटेल, २६ इंची चाकं, पुढे सस्पेन्शन. वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी, पावसाळ्यातला चिखल, सगळं तिच्यावर झालं. नोकरी लागल्यावर टेकडी कमी झाली आणि रविवारी ग्रुपसोबत लोणावळा किंवा सिंहगड सुरू झालं. डांबरी रस्त्यावर जाड टायरचा गुंईऽऽ आवाज काढत मी कायम शेवटी. मग ठरवलं, रोड बाइक घ्यायची. (घरी 'बाइक घेतोय' म्हटल्यावर आईने आधी पेट्रोलचा भाव सांगितला, तो भाग वेगळा.)

पहिली घेतली ती सेकंडहँड, आणि साफ चुकली. तीन रविवारांत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, अगदी सोमवारी ऑफिसात कीबोर्डवरसुद्धा. डॉक्टरांनी सांगितलं, तळहातातली नस दाबली जातेय, आधी ती सायकल बंद कर. नऊ हजारांचं नुकसान सोसून ती विकली. दुसरी घेण्याआधी मात्र नीट अभ्यास केला. तोच इथे मांडतोय.

१. साइज: एमटीबीचे आकडे रोड बाइकला लावू नका

माझी उंची ५ फूट ७ इंच, म्हणजे साधारण १७० सेंटीमीटर. एमटीबी मीडियम साइजची, तिचा रीच ४२० मिलिमीटर. रोड बाइकच्या चार्टमध्ये बघितलं तर ५६ साइजलासुद्धा रीच ३९० च्या आसपास. मी हिशोब केला, '५६ म्हणजे माझ्या एमटीबीपेक्षाही छोटीच की!' आणि घेतली. चूक इथेच झाली.

रीच म्हणजे क्रँकच्या अ‍ॅक्सलपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. यात फक्त फ्रेम मोजली जाते. हात प्रत्यक्षात कुठे टेकतात हे त्यात येत नाही.

- एमटीबीवर स्टेम आखूड असतो, ५० ते ६० मिलिमीटर, आणि हँडल सरळ. ४२० अधिक ६०, हात साधारण ४८० वर.
- रोड बाइकवर स्टेम ९० ते १०० मिलिमीटर. त्यापुढे वळलेलं हँडल आणखी ७०-८० मिलिमीटर पुढे जातं आणि हात त्याच्याही पुढे, ब्रेकच्या मुठीवर असतात. ३९० अधिक १०० अधिक ७५, म्हणजे ५६५ च्या वर.

थोडक्यात, 'छोटी' वाटलेली फ्रेम मला ८-९ सेंटीमीटर जास्त ताणत होती. शरीराचं वजन सीटवरून तळहातांवर आलं आणि बोटं बधिर झाली.

दुसरा महत्त्वाचा आकडा स्टॅक. अ‍ॅक्सलपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची. स्टॅक जास्त तर हँडल वर आणि पाठीला आराम. रोड बाइकमध्ये ढोबळ दोन प्रकार असतात: रेस जॉमेट्री (स्टॅक कमी, रीच जास्त) आणि एन्ड्युरन्स जॉमेट्री (स्टॅक जास्त, रीच कमी). एमटीबीवरून येणाऱ्याने पहिली सायकल एन्ड्युरन्सच घ्यावी. दुसऱ्यांदा मी ५२ साइजची एन्ड्युरन्स घेतली आणि बोटांचा त्रास थांबला.

'मीडियम म्हणजे मीडियम, सगळीकडे सारखंच' असं दुकानात कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंपनीचा चार्ट वेगळा असतो. मॉडेलचं नाव आणि 'जॉमेट्री' असं सर्च करा, चार्टचा स्क्रीनशॉट घ्या आणि दोन सायकलींचा स्टॅक-रीच शेजारी ठेवून बघा. रोडची तुलना रोडशीच करायची.

फोन वापरून फिट कसा तपासायचा?

- भिंतीला टेकून उभे राहा, पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर ओढून धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. ही तुमची इनसीम. तिला ०.८८३ ने गुणा. येईल तो आकडा म्हणजे अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची अंदाजे उंची. माझी इनसीम ७८ सेंटीमीटर, म्हणजे सीट साधारण ६९ वर.
- सीट त्या उंचीला लावून टेस्ट राइड घ्या आणि मित्राला बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. हात ब्रेकच्या मुठीवर असताना कोपर थोडं वाकलेलं दिसलं पाहिजे. हात काठीसारखे ताठ आणि खांदे कानाजवळ आलेले दिसले तर सायकल मोठी आहे.
- किमान वीस मिनिटं चालवा. पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारून काहीच कळत नाही.

२. गिअर: किती आहेत यापेक्षा दात मोजा

एमटीबीवाल्यांना '२४ गिअर', '२७ गिअर' असं सांगायची सवय असते. रोड बाइकवर १६ गिअर बघून कमी वाटतं. पण चढावर उपयोगी पडतो तो सगळ्यात हलका गिअर, म्हणजे पुढच्या सर्वात लहान चेनरिंगचे दात भागिले मागच्या सर्वात मोठ्या चक्राचे दात.

घाटात ८ टक्के चढ आहे, मी आणि सायकल मिळून ८० किलो आणि पेडल मिनिटाला ७० फेरे, असं धरून हिशोब केला. हवेचा अडथळा सोडला आहे, कारण इतक्या कमी वेगात तो फार नसतो.

- जुनी एमटीबी, २२/३४: गुणोत्तर ०.६५, वेग ताशी ५.६ किलोमीटर, लागणारी ताकद सुमारे १०५ वॅट
- रोड बाइक, ३४/३४: गुणोत्तर १.०, वेग ८.८, सुमारे १६५ वॅट
- रोड बाइक, ३४/२८: गुणोत्तर १.२१, वेग १०.७, सुमारे २०० वॅट

पायात २०० वॅट नसतील तर ७० फेरे टिकत नाहीत. ते ५०-५५ वर येतात आणि प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर जोर पडतो. सिंहगडला अर्ध्यात उतरून ढकलत नेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा दम कमी नसतो, गिअर जड असतो. म्हणून पुढे ५०/३४ ची काँपॅक्ट जोडी आणि मागे ११-३२ किंवा ११-३४ कॅसेट शोधा. सायकलवर ११-२८ असेल तर बदलता येते, पण मागचा डिरेलर किती दातांपर्यंत चालतो हे दुकानात आधी विचारा.

शिमानोच्या रोड मालिकांचा क्रम खालून वर असा: क्लॅरिस (मागे ८ चक्रं), सोरा (९), टियाग्रा (१०), १०५ (११ किंवा १२). त्यावर अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. नव्या सायकलींवर क्यूज हे नावही दिसेल. पहिल्या सायकलीला क्लॅरिस किंवा सोरा पुरेशी आहे. वर जाल तसं दोन गिअरमधलं अंतर कमी होतं आणि बदल मऊ होतो, पण चेन, कॅसेट महाग होत जातात.

एमटीबीवर अंगठ्याने गिअर बदलतो, इथे ब्रेकच्या लिव्हरनेच. शिमानोमध्ये उजवा मोठा लिव्हर आत ढकलला की मागे हलका गिअर, त्यामागचा छोटा दाबला की जड. दोन दिवसांत हाताला सवय होते.

३. ब्रेक: पावसाळ्याचा विचार करा

रोड बाइकवर तीन पर्याय दिसतील.

- रिम ब्रेक: हलका, स्वस्त, घरी दुरुस्त होतो. पण रिम ओली झाली की पहिले काही फेरे पकडच येत नाही. शिवाय बहुतेक कॅलिपरमध्ये २८ मिलिमीटरपेक्षा जाड टायर बसत नाही.
- केबलचा डिस्क: पावसात भरवशाचा, देखभाल सोपी. थोडा जास्त जोर लावावा लागतो.
- हायड्रॉलिक डिस्क: एका बोटाने थांबतो, पण महाग. ऑइल बदलायला माहितगार मेकॅनिक हवा.

जून ते सप्टेंबर घाटात सायकल चालवणार असाल तर डिस्क घ्या. फक्त कोरड्यात चालवणार आणि बजेट कमी, तर चांगला रिम ब्रेकही चालेल.

कुठलाही ब्रेक असला तरी पहिल्या दिवशी एक गोष्ट तपासा: उजवा लिव्हर पुढचा ब्रेक लावतो की मागचा? सायकलीनुसार हे उलटं असू शकतं. उतारावर कळण्यापेक्षा सोसायटीत कळलेलं बरं. आणि बारीक टायरची रस्त्यावरची पकड एमटीबीपेक्षा लवकर सुटते. ओल्या वळणावर, पांढऱ्या पट्ट्यांवर, वाळूवर ब्रेक वळणाआधीच मारा.

४. टायर: आपल्या रस्त्यांना २८ किंवा ३२

माझ्या एमटीबीचा टायर २.१ इंच, म्हणजे जवळपास ५३ मिलिमीटर. रोड बाइकचा २५ ते ३२. टायरमधली हवा हेच इथलं सस्पेन्शन. २५ मिलिमीटर टायर खड्ड्यात आपटला की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. म्हणून फ्रेममध्ये किमान २८, जमल्यास ३२ बसतो का ते विचारा.

हवेची सवयही बदलते. एमटीबीला ३०-३५ पीएसआय पुरायचं. माझ्या ६८ किलो वजनाला २८ च्या टायरमध्ये मागे ७० च्या आसपास आणि पुढे थोडी कमी भरतो. बारीक टायरची हवा लवकर उतरते, त्यामुळे दर राइडआधी बघावी लागते. व्हॉल्व्ह बहुतेक वेळा प्रेस्टा असतो, त्याला पेट्रोल पंपावरचा नोझल बसत नाही. छोटा पितळी अ‍ॅडॅप्टर स्वस्तात मिळतो, सोबत ठेवा. ७००सी ट्यूबही गावाकडच्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असं नाही, म्हणून दोन ट्यूब जवळ हव्यातच.

५. वजनाच्या मागे किती लागायचं?

फार नाही. व्यावसायिक शर्यतींसाठी यूसीआयने सायकलीचं किमान वजन ६.८ किलो ठरवलं आहे. पहिली अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक ९ ते ११ किलो भरते. फरक मोठा वाटतो, पण चढावर तुमच्यासकट एकूण वजन मोजायचं. ८० किलोत १ किलो म्हणजे सव्वा टक्का. ५० मिनिटांच्या चढाला फक्त ३७ सेकंद वाचतात. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, तिथे वजनापेक्षा तुमची बसण्याची पद्धत महत्त्वाची. अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आणि कार्बन फोर्क ही जोडी पहिल्या सायकलीसाठी उत्तम.

६. सेकंडहँड घेताना

- चेनच्या १२ पूर्ण जोड्या पट्टीने मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिलिमीटर असतं. ३०६.३ च्या पुढे गेलं असेल तर चेन संपत आली, आणि बहुधा कॅसेटही झिजली असेल. तेवढे पैसे कमी करून घ्या.
- चाक फिरवून ब्रेकजवळ डुगडुगतं का ते बघा.
- कार्बनचा भाग असेल तर फोनचा टॉर्च तिरका धरून रेषा, पोपडे शोधा. शंका आली तर सोडून द्या.
- मूळ बिल आणि फ्रेम नंबर मागा.
- किंमत कितीही चांगली असली तरी साइज चुकीची असेल तर घेऊ नका. स्टेम बदलून एक-दोन सेंटीमीटर सुधारतात, आठ नाही.

जुन्या एमटीबीचं काय वापरता येईल?

हेल्मेट, लाइट, टूलकिट सगळं. पेडलचा आटाही बहुतेक ठिकाणी सारखाच, ९/१६ इंच, त्यामुळे पेडल काढून इकडे लावता येतात. मी आजही एमटीबीचेच पेडल आणि बूट वापरतो.

माझं बजेट साठ हजार होतं. त्यातले आठ हजार पंप, ट्यूब, बाटल्या आणि चांगल्या शॉर्ट्ससाठी आधीच बाजूला काढले, उरलेल्यात सायकल बसवली. तुम्हीही क्रम असाच ठेवा: आधी साइज, मग हलका गिअर, मग ब्रेक आणि टायरची जागा, रंग आणि ब्रँड सगळ्यात शेवटी.

आणि एमटीबी विकू नका. माझी अजून बाल्कनीत आहे. पहिला पाऊस पडला की टेकडीवर तीच लागते.