बदली गायकाची गाणी

आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा 'द एक्स फॅक्टर' १९९५मध्ये आला. एकदा ऐकून मी ती कॅसेट खणात टाकली. १९९३मध्ये ब्रूस डिकिन्सन बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी आलेला ब्लेझ बेली मला परका वाटत होता.

खरे तर डिकिन्सनही बदलीच. १९८१मध्ये तो पॉल डिॲनोच्या जागी आला. पुढच्याच वर्षी 'द नंबर ऑफ द बीस्ट' ब्रिटनमध्ये अव्वल ठरला आणि बहुतेकांची कुरकुर थांबली. बेलीला असे यश लाभले नाही. त्याचा आवाज खर्जाकडे झुकणारा. कार्यक्रमांत मात्र डिकिन्सनच्या चढ्या गळ्यासाठी बांधलेली गाणीही त्याला म्हणावी लागत. १९९८चा 'व्हर्च्युअल इलेव्हन' ब्रिटनमध्ये सोळाव्या क्रमांकावरच अडला. १९९९मध्ये बेली गेला, डिकिन्सन परतला.

जानेवारी २००१मध्ये रिओ दि जानेरोच्या अफाट गर्दीपुढे डिकिन्सनने बेलीच्या काळातली 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' गायली. दोन्ही बासवादक स्टीव्ह हॅरिसची. 'रॉक इन रिओ' या ध्वनिमुद्रणात लोकांचा जल्लोष ऐकला आणि मी ओशाळलो. गाणी तीच होती. खणातली कॅसेट काढून पुन्हा लावली, या वेळी शेवटपर्यंत. 'साइन ऑफ द क्रॉस'मधला काळोख मला आता बेलीच्याच आवाजात अधिक दाट वाटतो. त्या वेळी मी फक्त गायकाचे नाव ऐकले होते.