पडलेल्यांचं काय करायचं?

इसवी सन २५०, जून महिन्याची २६ तारीख. इजिप्तमधल्या एका खेड्यात आउरेलियस डायोजेनिस नावाचा म्हातारा गावच्या समितीपुढे अर्ज करतो आहे. वय ७२. ओळखखूण : उजव्या भुवईवर व्रण. अर्जाचा आशय असा, की मी देवांना कायम बळी देत आलो आहे आणि आताही सरकारी हुकमाप्रमाणे तुमच्यादेखत बळी दिला, अर्घ्य वाहिलं, बळीचं मांस चाखलं. तरी तसा दाखला मिळावा.

पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तच्या कोरड्या मातीत टिकून राहिले. मजकूर जवळपास एकच, फक्त नाव, गाव, वय बदलायचं. तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या टायपिंगवाल्याकडे तयार नमुना असतो, तसाच प्रकार. ही सरकारी भाषा वाचताना मला आधी गंमत वाटते आणि मग धास्ती. कारण असल्या कागदांवरून ख्रिस्ती जगात जो वाद पेटला, तो अजून पुरता विझलेला नाही. एकदा तारण मिळालेला माणूस ते गमावू शकतो का, हा तो वाद. आणि माझं म्हणणं असं, की आज आपण ज्याला चर्च म्हणतो, त्या संस्थेची घडण बऱ्याच अंशी या एका प्रश्नाशी झगडताना झाली.

आधी पार्श्वभूमी. २४८ मध्ये रोम शहराची हजार वर्षं थाटामाटात साजरी झाली, पण साम्राज्याची तब्येत ठीक नव्हती. सरहद्दीवर गॉथ टोळ्या धडका देत होत्या. २४९ मध्ये डेसियस नावाचा सेनापती सम्राट झाला. देव रुसले आहेत, त्यांना प्रसन्न करायला हवं, म्हणून त्यानं फर्मान काढलं : साम्राज्यातल्या प्रत्येकानं देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा.

हे फर्मान फक्त ख्रिस्ती लोकांसाठी नव्हतं. सापडलेल्या दाखल्यांपैकी एक तर मगररूपी देवाच्या पुजारणीचा आहे! तिला काय अडचण असणार? अडचण झाली ती ख्रिस्ती माणसाची. त्याच्या लेखी चिमूटभर धूप दुसऱ्या देवापुढे टाकणं म्हणजे ख्रिस्ताला नाकारणं.

मग काय झालं? रोमचा बिशप फेबियन २५० च्या जानेवारीतच मारला गेला. अनेकजण तुरुंगात गेले, काहींचा तिथे छळानं अंत झाला. काही पळून लपले. पण कितीतरी लोकांनी निमूटपणे बळी दिला. आजच्या ट्युनिशियात असलेल्या कार्थेज शहराचा बिशप सिप्रियन यानं लिहून ठेवलंय, की लोक कुणी धरून न्यायच्या आधीच चौकात गर्दी करू लागले. संध्याकाळ झाली, अधिकारी म्हणाले आता उद्या या, तर लोक विनवण्या करत राहिले की आजच उरकून टाका.

पळवाटाही निघाल्या. कुणी बळी न देता नुसता धूप जाळला. कुणी अधिकाऱ्याचा हात ओला करून कोरा दाखला मिळवला. म्हणजे देवळात पाऊल नाही, पण कागद खिशात. या सगळ्यांना मिळून लॅटिनमध्ये एक शब्द रूढ झाला : लाप्सी, म्हणजे पडलेले.

२५१ मध्ये डेसियस गॉथांशी लढताना मारला गेला. छळ ओसरला. आणि पडलेले परत आले. रविवारच्या उपासनेला येऊन दाराशी उभे राहिले. काही रडत होते, काही काहीच झालं नाही अशा थाटात होते. आत बसलेल्यांमध्ये असे लोक होते, ज्यांचे भाऊ तुरुंगात मेले होते.

यांना आत घ्यायचं का?

धर्मग्रंथ उघडावा, तर तिथे दोन्ही बाजूंचा पुरावा. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय, की ज्यांना प्रकाश मिळाला आणि तरी जे मागे फिरले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे. उलट योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू आश्वासन देतो, की माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कुणी हिसकावून घेणार नाही. शिवाय उधळ्या पुत्राची गोष्ट आहेच. आणि सगळ्यात अवघड म्हणजे पेत्र. येशूला अटक झाली त्या रात्री त्यानं तीनदा सांगितलं, की मी या माणसाला ओळखत नाही. तोच पेत्र पुढे शिष्यांचा म्होरक्या झाला.

त्या आधीच्या शंभर वर्षांत साधारण समज असा होता, की बाप्तिस्म्यानं सगळी जुनी पापं धुतली जातात, पण नंतर मोठं पाप घडलं तर पंचाईत. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाच्या लेखकानं दिलासा दिला, की बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची आणखी एक संधी आहे. एकच. त्यामुळे पुढे पुष्कळ लोक बाप्तिस्मा लांबणीवर टाकू लागले. सम्राट कॉन्स्टंटाइननं तर ३३७ मध्ये मरणाच्या उंबरठ्यावर असताना तो घेतला. पाटी अगदी शेवटी पुसायची, म्हणजे पुन्हा खडू लागायची भीती नाही.

पण २५१ मध्ये दारात उभ्या असलेल्यांचा बाप्तिस्मा कधीच झालेला होता. त्यांच्याबद्दल तीन मतं पुढे आली.

पहिलं मत तुरुंगातून आलं. ज्यांनी छळ सोसूनही विश्वास सोडला नाही, अशा लोकांना प्रचंड मान होता. पडलेले त्यांच्याकडे जाऊन चिठ्ठ्या मागू लागले आणि तेही उदार मनानं देऊ लागले : ‘अमुक माणसाला त्याच्या घरच्यांसह मंडळीत घ्यावं.’ घरचे म्हणजे किती? वीस? तीस? आकडा नाहीच. सिप्रियन वैतागला. एका चिठ्ठीवर किती नावं आत येतील, याला काही धरबंदच नव्हता.

पण या चिठ्ठ्यांमागे माणसं होती. रोमहून केलेरिनस नावाच्या माणसानं कार्थेजच्या तुरुंगातल्या लुशियनला लिहिलेलं पत्र टिकून आहे. तो स्वतः छळातून ताठ मानेनं बाहेर पडलेला, आणि तरी ईस्टरच्या आनंदाच्या दिवसांत रडत होता, कारण त्याच्या जवळच्या दोन स्त्रिया पडल्या होत्या. एक अर्ध्या वाटेवरून लाच देऊन परत फिरली होती. त्यांच्यासाठी तो चिठ्ठी मागतो आणि सांगतो, की कार्थेजहून परागंदा होऊन आलेल्या ६५ जणांना या दोघींनी बंदरावर जाऊन उतरवून घेतलं आणि त्या अजून त्यांची सेवा करताहेत. आता मला सांगा, विश्वासासाठी घरदार सोडून आलेल्यांना जेवू घालणाऱ्या या बायका आतल्या की बाहेरच्या?

दुसरं मत रोमच्या नोव्हेशियनचं. हा विद्वान, काटेकोर माणूस. त्याचं म्हणणं : देव त्यांना क्षमा करेल की नाही हे देव बघेल, पण मंडळीला तो अधिकार नाही. मूर्तीपुढे बळी देणाऱ्याला आत घेतलं, तर मंडळी पवित्र राहिली कुठे? त्यांनी जन्मभर पश्चात्ताप करावा, दाराबाहेर. मवाळ धोरणाचा कॉर्नेलियस २५१ मध्ये रोमचा बिशप निवडला गेला, तेव्हा नोव्हेशियनच्या बाजूनं त्यालाच प्रतिस्पर्धी बिशप केलं. नोव्हेशियनला खलनायक करणं सोपं आहे. पण ज्यांच्या घरातलं माणूस तुरुंगात मेलं, त्यांना त्याचं म्हणणं किती रास्त वाटलं असेल याचा विचार करा. त्याची वेगळी मंडळी पुढे काही शतकं टिकली.

तिसरं मत सिप्रियनचं, आणि त्याची स्वतःची अवस्था अवघड होती. छळ सुरू होताच तो कार्थेज सोडून लपला होता आणि पत्रांतून कारभार चालवत होता. लपून राहिलेला बिशप पडलेल्यांचा न्याय करणार, यावर लोक बोलणारच. त्यानं तोडगा काढला तो असा, की हे एकट्यानं ठरवायचंच नाही. २५१ मध्ये आफ्रिकेतल्या बिशपांची सभा बोलावली. ठरलं असं : सगळ्यांना एका मापानं मोजायचं नाही. कुणी स्वतः धावत गेला, कुणाला फरफटत नेलं, कुणी बायकोमुलं वाचावीत म्हणून एकट्यानं बळी दिला, हे प्रकरण-प्रकरण तपासायचं. ज्यांनी फक्त दाखला विकत घेतला, त्यांना चौकशीनंतर आत घ्यायचं. ज्यांनी खरोखर बळी दिला, त्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं आणि मरणसमयी त्यांना जवळ करायचं. पुढे नव्या छळाची चिन्हं दिसली, तेव्हा प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांनाच आत घेण्याचा निर्णय झाला. लढाईला पाठवायचं, तर आधी शिदोरी द्यायला हवी, असा त्यामागचा विचार.

यात बघा काय काय घडलं. बिशपांची सभा, चौकशी, प्रायश्चित्ताच्या पायऱ्या, शहराशहरांत पत्रव्यवहार, कुणाचा बिशप खरा आणि कुणाची चिठ्ठी चालेल याचे नियम. नंतरच्या चर्चची ही सगळी अवजारं आधी थोडीफार होतीच, पण पडलेल्यांच्या प्रश्नावर ती घासली गेली, त्यांना धार आली.

आणि बाहेर राहणं म्हणजे फक्त स्वर्ग हुकणं नव्हतं. याच वादात कॉर्नेलियसनं लिहिलेल्या पत्रात रोमच्या मंडळीची मोजदाद आहे : ४६ वडील म्हणजे प्रेस्बिटर, ७ डीकन, ५२ भूत उतरवणारे आणि इतर सेवक, शिवाय मंडळी जिचा सांभाळ करत होती, अशा विधवा आणि गरजू माणसांची संख्या १,५०० हून जास्त. या शेवटच्या आकड्यापाशी मी दर वेळी थांबतो. अशा एखाद्या विधवेनं भीतीनं धूप जाळला असेल, तर दार बंद झाल्यावर तिचं ताटही गेलं.

पन्नासेक वर्षांनी, ३०३ मध्ये, सम्राट डायोक्लेशियनच्या काळात पुन्हा छळ झाला. या वेळी फर्मान होतं धर्मग्रंथ जाळण्यासाठी सोपवायचं. काही बिशपांनीच ते सोपवले. लॅटिनमध्ये ‘सोपवणारा’ याला जो शब्द आहे, त्यातूनच इंग्रजीतला ‘ट्रेटर’, म्हणजे गद्दार, हा शब्द आला. आता प्रश्न उलटा झाला : पडलेल्या बिशपाच्या हातून झालेले संस्कार खरे मानायचे का? उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटिस्ट पंथीयांनी नाही म्हटलं, आणि तिथली मंडळी शंभर वर्षांहून जास्त काळ दुभंगली. ४११ मध्ये कार्थेजला समोरासमोर वाद झाला, तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून जास्त बिशप जमले होते. ऑगस्टिनची बाजू जिंकली. त्याचं म्हणणं, की संस्कार ख्रिस्ताचा असतो, तो देणाऱ्या माणसाच्या चारित्र्यावर अवलंबून नसतो.

दरम्यान ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेनं पडलेल्यांसाठी वेळापत्रकच घालून दिलं होतं : ज्यांनी जबरदस्ती नसतानाही विश्वास सोडला, त्यांनी तीन वर्षं नुसतं ऐकायचं, सात वर्षं दंडवत घालायचे, दोन वर्षं फक्त प्रार्थनेत सहभागी व्हायचं, मग पूर्ण प्रवेश. मरणाऱ्याला मात्र शेवटचा प्रभुभोजनाचा घास कधीही नाकारायचा नाही. या सभेच्या वेळची एक गोष्ट सोक्रॅटिस नावाच्या पाचव्या शतकातल्या इतिहासकारानं दिली आहे. नोव्हेशियनच्या पंथाचा बिशप आपली कडक शिकवण कॉन्स्टंटाइनला समजावून सांगत होता. सम्राटानं ऐकून घेतलं आणि त्याला सुचवलं, की मग शिडी लावा आणि एकटेच स्वर्गात चढा.

मूळ प्रश्न पुढेही मिटला नाही. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत कॅथलिक चर्चनं ठरवलं, की मिळालेली कृपा घोर पापानं गमावता येते, आणि पश्चात्तापाच्या संस्कारानं परत मिळते. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी १६१८-१९ मध्ये नेदरलंड्समधल्या डॉर्टच्या सभेत उलट निर्णय दिला : देवानं ज्याला खरोखर निवडलं, तो पडला तरी कायमचा हरवत नाही. मेथडिस्ट पंथातल्या बहुतेकांनी पुढे यातलं दुसरं मत नाकारलं.

मराठी प्रॉटेस्टंट लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात, कॅथलिक म्हणतात ‘ख्रिस्तसभा’. दोन्ही शब्द मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’च्या अर्थाला धरून आहेत. एक्लेसिया म्हणजे इमारत नव्हे, जमलेली माणसं. मला वाटतं, तिसऱ्या शतकातला वाद समजायला ही मोठी मदत आहे. नोव्हेशियन म्हणत होता, की देवाच्या क्षमेबद्दल आपण बोलू शकत नाही. सिप्रियनही म्हणत होता, की आमचा निर्णय चुकला तर शेवटी देव तो दुरुस्त करेल. म्हणजे देव सोडून देतो का, या प्रश्नावर दोघांनीही हात वर केले होते. भांडण होतं ते जमलेल्या माणसांनी काय करायचं यावर. म्हणूनच ‘तारण जातं का’ असं विचारणाऱ्याला मी आधी विचारेन, की तुझ्या डोळ्यांपुढे कोण आहे?

अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याच्या डोळ्यांपुढे एक माणूस होता. सेरापियन नावाचा म्हातारा. जन्मभर नीट वागलेला, छळात बळी देऊन बसला. वारंवार विनवण्या करूनही कुणी त्याला जवळ केलं नाही. मग तो आजारी पडला, तीन दिवस वाचा गेली. चौथ्या दिवशी जरा शुद्धीवर आला, तेव्हा त्यानं नातवाला एका प्रेस्बिटरकडे पिटाळलं. रात्रीची वेळ, आणि प्रेस्बिटर स्वतः अंथरुणाला खिळलेला. पण मरणाऱ्यानं मागितलं तर नाकारू नका, असं डायोनिसियसनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्या आजारी माणसानं प्रभुभोजनाच्या भाकरीचा छोटा तुकडा मुलाच्या हातात दिला आणि सांगितलं, हा भिजव आणि आजोबांच्या तोंडात घाल.

मुलगा घरी आला. त्यानं तुकडा भिजवला, आजोबांच्या तोंडात घातला. म्हाताऱ्यानं जरासं गिळलं आणि प्राण सोडला.